सरकलेला मणका आणि इस्त्रीचं टेबल

लाँड्रीतलं दारासमोरचं इस्त्रीचं टेबल सासूबाईंचं. तिथे दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे, सुनेचा तर नाहीच. "तू रुमाल कर. जळला तर निदान स्वस्तात सुटू," असं त्या गिऱ्हाइकादेखत सुनावत.

पण हल्ली चार शर्ट होईतो कमरेतून कळ निघे आणि पिंढरीत उतरे. बसलं की थांबे. कपड्यांची गाडी ढकलताना तर नावालाही नसे, म्हणून त्या रिकामी गाडीच ढकलत गल्लीभर फिरत. सुनेनं ते हेरलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. "आजी, हा मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकलाय."

"आजी मी माझ्या नातवाची. आणि सरकणारच! ही बादल्या काठोकाठ भरून ठेवते."

"बादलीचा दोष नाही, बाई. मधली गादी वयानं झिजते, मागचे सांधे ढिले होतात, मग मणका जागा सोडतो. पन्नाशीनंतर बायकांना जास्त. ताठ उभं राहिलं की नस आवळते, पुढे वाकलं की तिला जागा मिळते."

"झिजायला मी काय साबणाची वडी आहे?"

व्यायाम, पट्टा, गोळ्या, फार तर कमरेत इंजेक्शन. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऑपरेशनचं नाव निघालं नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणत सासूबाई उठल्या.

"उठलाच आहात तर टाचांवर चालून दाखवा."

उजवं पाऊल उचललेलं राहिलं. डाव्याचा चवडा फटकन फरशीवर आदळला.

"फरशी गुळगुळीत आहे," सासूबाई म्हणाल्या. पुन्हा चालल्या. पुन्हा फट्.

"आई, सांगा ना," सून म्हणाली. "जिन्यावर पाऊल अडकतं तुमचं. परवा पडता पडता वाचलात."

"चोंबडी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "पायातली ताकद चाललीय, आता व्यायामावर थांबणं बरं नाही. नसेवरचा दाब काढायचा आणि ते दोन मणके स्क्रूनं जोडायचे. दुसऱ्या दिवशी चालवू. उभ्यानं काम मात्र काही महिने बंद."

"आणि नाही केलं तर?"

"पाऊल आणखी लुळं पडेल. मग ऑपरेशन करूनही ताकद परत येईलच असं नाही."

सासूबाईंना चाकूची भीती नव्हती. काही महिने त्या टेबलाशी कोण उभं राहणार, हे त्यांना दिसत होतं, आणि ती शेजारच्याच खुर्चीत पर्स कवटाळून बसली होती. लुळ्या पावलानं मात्र ते टेबल कायमचंच जाणार होतं.

"तारीख द्या," त्या म्हणाल्या.

बाहेर सुनेनं हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही. भिंतीलगतचा कठडा धरून चालू लागल्या.

"कॉलर आधी उलट्या बाजूनं. टोकाकडून मधे यायचं. मधून टोकाकडे गेलीस की चुणी पडते. इतकी वर्षं बघतेयस, डोळे काय गहाण ठेवले होतेस?"

"तुम्ही कधी सांगितलंच नाहीत."

"आता सांगतेय ना? मग मधे बोलू नकोस. बाह्या सगळ्यात शेवटी."