कापराची बाटली

“आई, फेणीची बाटली द्या की वरची,” मैथिली गॅसपासूनच म्हणाली. कढईत लोण्यावर लसूण तडतडत होता आणि सर्दीनं तिचं नाक पार चोंदलं होतं.

विठाबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. मांडणीवर दोन बाटल्या होत्या, दोन्ही चंदगडच्या भाच्यानं आणलेल्या. एक कोरी, स्वयंपाकाला. दुसरीत कापूर घातलेला, ती गुडघ्यांना चोळायची. रोज संध्याकाळी त्यांचा नवरा, पिराजीच, चोळून देत.

सावंतवाडीची ही सून आल्यापासून बुधवारचं जेवण तिच्याकडं. बँकेतून यायचं, पर्स टाकायची, कोलंबी परतायची, वर फेणी ओतून भडका करायचा, डब्यातलं क्रीम ढवळायचं की झालं कालवण. आणि विठाबाईंचा पांढरा रस्सा? नुसतं खोबऱ्याचं दूध काढण्यात सकाळ जायची. गल्लीत कुणाकडं जेवणावळ निघाली की रश्श्याला बोलावणं त्यांनाच. पण पिराजींनी एवढ्या संसारात ‘चांगलं झालंय’ असं कधी म्हटलं नाही. आवडलं की वाटी पुढं सरकवायची, एवढंच. विठाबाई त्या वाटीवरच जगल्या, म्हणा ना. आणि गेल्या बुधवारी त्याच माणसानं सुनेपुढं वाटी सरकवली, वर म्हणाला, “झ्याक झालंय, पोरी.”

झ्याक म्हणे. विठाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आठवडाभर तो शब्द घशातल्या काट्यासारखा टोचत राहिला.

हात कोऱ्या बाटलीवर गेला, थांबला आणि दुसरीवर आला. खाऊ देत एकदा, मग कळंल कुणाच्या हाताला काय चव हाय ते.

मैथिलीनं न बघताच ओतलं. भडका उठला, बसला. वर क्रीम पडलं आणि रस पांढराशुभ्र, दाट झाला. दिसायला थेट पांढऱ्या रश्श्यासारखा. तेच तर विठाबाईंना बघवत नव्हतं.

पानं वाढली. पहिला घास पिराजींचा, ही घरची रीत. मुलगा ऋतुराज भाकरी मोडून थांबला होता. पिराजींनी घास तोंडात घातला आणि जबडा हलायचा थांबला. त्यांनी सावकाश विठाबाईंकडं पाहिलं. तो वास रोज त्यांच्याच बोटांना असायचा. घास त्यांनी ताटाच्या कडेला काढून ठेवला.

“खाऊ नगा कुणी. कोलंबी उतरलीया.”

मैथिलीचं तोंड एवढंसं झालं. “माझंच चुकलं, बाबा. सर्दीनं वासच कळला नाही. नीट बघून घ्यायला पाहिजे होती.” वाट्या उचलताना तिचे डोळे भरून आले.

झालं की मनासारखं. विठाबाईंचा जीव आता गार व्हायला हवा होता. पण तो काही होईना.

“कोलंबी ताजी हुती,” त्या म्हणाल्या. “बाटली मीच दिली, कापराची.”

मैथिली डोळे पुसून हसलीच. “एवढंच होय, आई? त्या मांडणीत अंधारच असतो. उद्या तुमचा चष्मा बदलून आणू. आणि ही इथंच ठेवते, तुम्हाला उठायलाच नको.” कोरी बाटली तिनं काढली आणि गॅसशेजारी, आपल्या हाताशी ठेवून दिली.

“डोळं बरं हायत माझं,” विठाबाई पुटपुटल्या. ऋतुराज आणि मैथिली अंडी फोडायच्या नादात होते.

पिराजींनी मात्र ऐकलं. उठून त्यांनी आपली वाटी विसळली आणि पुन्हा पानावर बसून ती विठाबाईंपुढं सरकवली.

“वाढ.”

आज बुधवार. विठाबाईंनी काहीच रांधलं नव्हतं. सकाळचं थोडं ताक होतं, तेच त्यांनी वाटीत ओतलं. ओतताना हाताला कापराचा वास येत होता.

पिराजींनी ते पिऊन वाटी पुन्हा पुढं सरकवली.

पातेल्यात ताक उरलं नव्हतं.