सतरावी अट

तिने पडद्यावरच्या सतराव्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. अट क्रमांक सतरा: हवेत इंजिन बंद पडल्यास पाती पुरेशी फिरत राहावीत. पुढे एकच शब्द होता, 'बंद'.

बंद तिनेच केली होती. हेलिकॉप्टरच्या पात्याचा नवा आकार शोधताना संगणक एकेका आकाराशी तासन्‌तास झटायचा, आणि सगळ्यात जास्त वेळ हीच अट खायची. आधी बाकीचं जमू दे, मग हिला चालू करू, असं म्हणून तिने खूण काढली. त्याला आठ महिने झाले. संगणक बिचारा सांगितलं तेवढंच ऐकणारा. पात्याला फिरतं ठेवणारं टोकाचं वजन त्याने बिनदिक्कत छाटलं. पातं हलकं झालं, इंधन वाचलं, साहेबांनी भर सभेत पाठ थोपटली. आणि ही बाई घरीदारी मिरवत फिरली.

आज दुपारी तीनला त्याच पात्यांची चाचणी होती. उंचावर जाऊन इंजिन मुद्दाम बंद करायचं होतं, आणि चालवणारा होता तिचा सख्खा दादा.

पावणेतीन वाजले होते. दादा फोन उचलत नव्हता. ती दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरली आणि पळत सुटली.

धावपट्टीलगतच्या शेडमध्ये हेलिकॉप्टर उभं होतं. दादा पंख्याखाली बसून सफरचंद कापत होता. तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

"दादा, उडू नकोस. चूक झालीय, माझी. इंजिन बंद पडलं तर सावरायला तुला किती वेळ मिळेल, ते मी तपासलंच नाही."

"सव्वीस," तो म्हणाला.

"काय सव्वीस?"

"जमिनीवर इंजिन बंद केलं की पाती थांबेपर्यंत मी आकडे मोजतो. सगळे हसतात, दादा जप करतोय म्हणतात. जुनी पाती चव्वेचाळीसपर्यंत फिरायची. तुझी सव्विसालाच गप्प."

त्याने फाइलमधून एक कागद काढून तिच्यापुढे सरकवला. चाचणी रद्द करण्याचा अर्ज. खाली त्याची सही होती, तारीख परवाची.

तिला दोनदा वाचावी लागली. काल सकाळी घरच्या टेबलावर याच माणसाने तिला चहा ओतून दिला होता, तिची सगळी बढाई ऐकून घेतली होती आणि वर 'वा' म्हणाला होता.

"तुला माहीत होतं? मग बोलला का नाहीस रे?"

"चूक कुणाच्याही हातून होते गं. आपली चूक तू स्वतः शोधतेस का, आणि सापडली तर काय करतेस, ते बघायचं होतं. तीनपर्यंत थांबणार होतो."

"आणि मी आलेच नसते तर?"

त्याने सफरचंदाची फोड तिच्यापुढे धरली.

"तर हा कागद गेलाच असता. फक्त तुझ्या पुढच्या पात्याखाली मी बसलो नसतो."

फोड न घेता तिने अर्ज पुढे ओढला. अर्जातली कारणाची चौकट कोरी होती. दादाने पेन उघडून त्या चौकटीवर ठेवलं आणि चाकू पुसायला लागला.

तिने 'मी' एवढं लिहिलं. भिंतीवरच्या घड्याळात तीनला चार मिनिटं कमी होती.