उंब्रजच्या पुलावरचं फडकं

उंब्रजच्या पुलाशेजारी एका कुलूपबंद खोलीत नदीची पातळी नोंदवणारं यंत्र होतं. राखायला माणूस नव्हता. पाणी स्थिर असलं की यंत्रातला कागद जागच्या जागी राही. पाणी चढलं-उतरलं की सरके. म्हणून गुंडाळी कधी संपेल, ते सांगलीच्या कचेरीत बसून कळत नसे.

साहेबांनी त्याच कचेरीतल्या प्रभावती मगदूमला बजावलं होतं, "पुराच्या वेळी कागदावरची पातळीची रेघ तुटली, तर यंत्र उतरवायचं."

यंत्रासाठी हट्ट तिनंच धरला होता. तिनं गुंडाळीवर एक दांडी टेकवली आणि दांडीला बांधलेली दोरी छपरावरच्या काठीवर नेऊन टोकाला तांबडं फडकं लावलं. गुंडाळी बारीक होईल तसं फडकं खाली येई. एस.टी.चा ड्रायव्हर ज्ञानू रोज पुलावरून गाडी आणी आणि सांगलीत कचेरीच्या खिडकीशी ओरडे, "बाई, झेंडा वर हाय!"

ऑगस्टात कृष्णा फुगली. घाटाच्या पायऱ्या बुडाल्या.

"वरच हाय की. जरा बी हललं न्हाई," ज्ञानू म्हणाला.

प्रभावती थबकली. इतकं पाणी चढलं तर कागद सरकलाच पाहिजे. नवी गुंडाळी पिशवीत टाकून ती त्याच्याच गाडीनं निघाली.

फडकं काठीला तारेनं घट्ट बांधलेलं होतं. खाली छत्री घेऊन निवृत्त सुभेदार हंबीरराव उभे होते.

"हे कुणी बांधलं?"

"म्या. परवा गाडी यायच्या आधी बघतोय तर रातोरात निम्म्यावर लोंबतंय. जल्म पलटणीत गेला, बाई. झेंडा खाली आलेला बघवत न्हाई."

"आवं सुभेदार, कशाचा झेंडा? फडकं हाय त्ये!" ज्ञानू हसला.

"तूच रोज झेंडा म्हणून बोंबलतोस की रं!"

प्रभावतीनं कुलूप काढलं. गुंडाळीवर जेमतेम दोन-चार वेढे उरले होते. रेघ अजून चढत होती. जुन्या कागदाच्या शेवटाला तिनं नव्याचं टोक चिकटवलं. मग बाहेर येऊन तार सोडली, दोरी उलटी ओवली आणि काठीच्या बुडाशी एक रिकामी पेटी बसवली.

"आता कागद असेतो फडकं पेटीत दडलेलं राहील. संपत आला की वर चढेल."

"चढलेलं उतरवायचं न्हाई ना?" सुभेदारांनी विचारलं.

"मुळीच नाही."

पूर ओसरू लागला. उतरत्या पाण्यानंही कागद खाल्ला. एका दुपारी ज्ञानू खिडकीशी आला.

"बाई, झेंडा चढलाय. सुभेदार सलाम ठोकून हुबं हायत."

प्रभावतीनं कपाटातून गुंडाळी काढली.