भीमराजच्या बाहीवरचा लाल ठिपका

मी एक जुनी पट्टी आहे, चिमटीत मावणारी. मित्रांनो, नाकं मुरडू नका! माझ्या लवचीक अंगात सेंद्रिय ट्रान्झिस्टर आहेत, म्हणजे कार्बनच्या पदार्थांची, डोळ्यांना न दिसणारी बटणं. विषारी वाफ लागली की ती दबतात आणि माझा ठिपका लाल होतो. मी उन्हावर जगते.

यवतमाळच्या कॉलेजातल्या मॅडमनी मला राळेगावच्या भीमराजच्या बाहीवर शिवलं. "लाल झाली की शर्ट काढून अंग धुवायचं," असं त्याला आणि त्याच्या बायकोला बजावलं. त्या साली बोंडअळीनं कहर केला होता. डोक्याएवढ्या उंच पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, भीमराज फवारणी करी आणि मी लालेलाल होई. तो हसायचा. "औषध हाय नं, जहर थोडीच हाय!" मग एकदा तो दवाखान्यात गेला, तो परतलाच नाही. जळो मेलं ते 'औषध' नाव!

त्याच्या बायकोनं, प्रभावतीनं, तो शर्ट धुतला नाही. धुतला तर त्याचा वास जाईल ना! तान्ह्या दीपासाठी तिनं त्याची गोधडी शिवली, माझ्यासकट. दिवसा गोधडी वाळत घातली की मला ऊन मिळे. सांजेला तिच्यात दीपाला गुंडाळलं की मी कापडाआडून लाल पेटे. शेजारणी दचकल्या.

"आपण भूत-बित मानत नाई," प्रभावती म्हणाली. "पण हे दीपाचे बाबा हायेत. लेकीले बोलावून राह्यले." आणि तिनं लेकीला आणखी घट्ट गुंडाळलं. मी ओरडणार कशी? मला तोंड कुठे आहे!

दीपा लाळ गाळू लागली, दूध ओकू लागली. दवाखान्यात बरी व्हायची, घरी गोधडीत आली की पुन्हा निपचित. शेवटी नर्सबाईंनी विचारलं, "बाई, लेकराच्या अंगाले फवारणीच्या औषधाचा वास काहून येते?"

प्रभावतीनं घरी येऊन गोधडी हुंगली, टराटरा उसवली. बाहीवर मी होते, लाल. मॅडमचं बोलणं तिला आठवलं असावं.

"माय वं! तुमी बोलावून नाई राह्यले... हाकलून राह्यले!"

ती खूप रडली. शर्ट तिनं दूर नेऊन पुरला आणि मला दाराच्या चौकटीला ठोकलं. दीपा आता अंगणात पळते. शेतातून कोणी आलं आणि मी लाल झाले, की प्रभावती त्याला दारातच अडवते. मित्रांनो, विषाला औषध म्हणू नका, आणि लाल दिसलं की दूर व्हा.

कधी कधी सांजेला दारात कोणी नसतं, वाराही नसतो, तरी मी लाल होते. का, ते मलाही ठाऊक नाही. माझीच मला भीती वाटते. प्रभावती मात्र पाण्याची बादली बाहेर नेऊन ठेवते.

"आंघोळ करा," ती रिकाम्या दाराला सांगते, "अन् भाइरच थांबा. लेक आत हाय."