खडूची पावलं

गेल्या वर्षी अंगणातली वाळू उपसताना वहिनींची कंबर अशी धरली, की महिनाभर मोजे चढवायलाही नवरा लागला. "आता फावड्याला हात लावायचा नाही," त्यानं बजावलं होतं.

यंदा दारात पुन्हा वाळू पडली, तेव्हा वहिनींनी आधी खडू घेतला. जमिनीवर दोन पावलं ढिगाच्या दिशेनं काढली, दोन हातगाडीच्या.

"वहिनी, नाच शिकताय का?" दीर हसला.

"कंबर पिळायची नाही, पाय वळवायचे." गुडघे वाकवून, अर्धंच फावडं भरून, ते अंगाशी धरून त्या वाळू गाडीत टाकू लागल्या.

"अशानं वर्ष लागेल!" म्हणत दिरानं पाय न हलवता, कंबर पिळत फावडी भरभरून वाळू फेकली. तासाभरात "आई गं!" करत तो आत गेला. उरलेला ढीग दुपारपर्यंत वहिनींनीच संपवला.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. श्वास रोखून त्या वाकल्या. दोन्ही मोजे स्वतः चढवले आणि नवऱ्यापुढे ऐटीत पाय नाचवले.

शेजारच्या खोलीतून दिराचा बारीक आवाज आला, "दादा, माझे मोजे जरा..."

"थांबा भावोजी, मीच येते," वहिनी म्हणाल्या. "मला वाकता येतं!"