एकट्या अण्णांचा ग्रुप

मी एक जुना ग्रुप आहे, मित्रांनो. तुमच्या आईच्या, मावशीच्या मोबाइलवर असतो ना, तसलाच घरगुती. मला हातपाय नाहीत, आवाजही नाही. माणसं लिहितील तेवढंच माझं आयुष्य.

माझा जन्म इस्पितळाच्या व्हरांड्यात झाला. तीन भावंडांची आई आजारी होती. डबा कोणी न्यायचा, सोबतीला कोणी थांबायचं, याचा रोज घोळ व्हायचा. शेवटी धाकट्या बहिणीने बाकावर बसल्या बसल्या मला तयार केलं आणि नाव दिलं, ‘आपण सगळे’. आई बरी होऊन घरी गेली, पुढे काही वर्षांनी वारली, पण मला कोणी बंद केलं नाही. सुना, जावई, नातवंडं धरून चौदा जण झाले.

थोरले अण्णा घड्याळं दुरुस्त करायचे आणि एकटेच राहायचे. रोज सकाळी ते लिहायचे, ‘सात वाजले. उठा, लोळू नका.’ लगेच धाकटीची मुलगी लिहायची, ‘अण्णामामा, आज रविवार आहे हो!’ ‘रविवारी सूर्य सुट्टी घेतो का?’ अण्णांचं उत्तर तयार. मग दिवसभर नुसता गलका. कोणाच्या बाळाला दात आला, कोण पास झालं, कोणाचा चष्मा कोणाकडे राहिला. खरं सांगतो, त्या दिवसांत मी अगदी सुखात होतो.

एक गोष्ट मात्र कोणी मनावर घेतली नाही. अण्णांचा मोबाइल जुना होता आणि काठोकाठ भरलेला. त्यांनी दोनदा लिहिलं होतं, ‘माझ्याकडे चित्रं उघडत नाहीत, नुसता करडा चौकोन दिसतो. काय ते अक्षरांत लिहा.’ सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्रंच पाठवली.

मग तो दिवस उजाडला. घर आवरताना धाकटीने आईचं शिलाई मशीन भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. सकाळी तिने ते सहज ग्रुपवर सांगितलं. अण्णा भडकलेच. ‘विचारायची काही रीत आहे की नाही? त्या मशीनवर आईने आपल्याला वाढवलं. तुम्हाला सगळीच अडगळ वाटते. उद्या मलाही देऊन टाका!’

तासाभराने भाचीने एक चित्र टाकलं. त्यासाठी पोरगी दोन दिवस खपली होती, मशीनच्या भांडणाशी त्याचा काही संबंध नव्हता. फुलापानांच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘इथे जाहिरातींनी जीव नकोसा केलाय. आठवडाभर नवं ॲप वापरून बघू. नाही जमलं तर परत इथेच येऊ. पण इथून बाहेर पडा हं, नाहीतर तिकडे कोणी फिरकणारच नाही!’

एकेकाची उत्तरं आली. ‘चला.’ ‘निघालो.’ ‘मीही.’ ‘बरं झालं, वैताग आला होता इथे.’ दुपारपर्यंत तेरा जण गेले.

अण्णांना दिसला तो करडा चौकोन. त्याच्या वर स्वतःचं रागाचं बोलणं आणि खाली एकामागून एक निघून गेलेली माणसं. त्यांनी काय समजायचं?

मला सगळं ठाऊक होतं हो, पण सांगणार कसं? प्रत्येकाला वाटलं असणार की अण्णांना दुसऱ्या कोणीतरी सांगितलं असेल. नाहीतर रुसलेत, येतील चार दिवसांनी.

संध्याकाळी अण्णांनी लिहिलं, ‘अरे, सगळेच निघालात?’ दुसऱ्या दिवशी ‘सात वाजले’ आलंच नाही. तिसऱ्या दिवशी आलं ते असं: ‘धाकटे, जरा जास्तच बोललो गं. फोन करायचा धीर होत नाही, म्हणून इथे लिहितोय. गेलात तरी कधीतरी डोकावाल.’ मित्रांनो, ग्रुप सोडलेल्याला आतलं नवीन काहीच दिसत नाही. हे त्यांना माहीत नव्हतं.

आठवडा संपला. मी वाट पाहत होतो. कोणी परतलं नाही, तिकडे छान जमलं असावं.

बाराव्या दिवशी अण्णांनी लिहिलं, ‘मशीन सापडलं! चार भंगारवाले पालथे घातले. चाक गंजलं होतं, घासून तेल घातलं. आता टाका सरळ पडतोय. तुझंच आहे ते, धाकटे. घेऊन जा, नाहीतर मी आणून देतो. नुसतं हो म्हण.’

तो ‘हो’ मी कुठून आणणार? माझा जीव तीळ तीळ तुटत होता.

महिन्याभराने त्यांचा शेवटचा मेसेज आला. ‘समजलो. एका रागापायी घर मोडलं मी. आता इथे एकट्याने बसवत नाही. सगळे सुखात राहा. मशीनला अधूनमधून तेल लागतं, ते मी घालत जाईन.’ आणि अण्णाही गेले. आता माझ्यात कोणीच नाही.

मित्रांनो, नवीन जागा बघायला खुशाल जा. जुन्या जागेचा मोह धरा, असं मी म्हणणार नाही. पण निघण्याआधी माणसं मोजा. एखादं कमी भरलं तर त्याला चित्र पाठवू नका, फोन करा, दारात जाऊन हाक मारा. आणि तुमच्या घरी असे कोणी अण्णा असतील, तर आजच जा आणि त्यांना एवढंच सांगा, की त्यांच्यावर कोणीही रागावलेलं नव्हतं.