आयोनीची जागा

कॅरिबियनमधल्या आमच्या ग्रेनेडा बेटावरच्या बायकांची एक रीत आहे. कुणी आजारी पडली की दुसरी तिच्या कामावर जाते, जागा धरून ठेवते आणि ती बरी झाली की मुकाट्याने बाजूला होते. न्यूयॉर्कमध्ये लोकांची पोरं सांभाळत आम्ही टिकलो त्या या रीतीवर.

त्या मंगळवारी बर्फाच्या वादळाने शहर गाडलं. गाड्यांना बंदी, शाळा बंद. आयोनी आणि मी एकाच खोलीत राहायचो. सकाळी सहाला तिच्या क्लेअर मॅडमचा फोन आला.

"आयोनी, मेट्रो चालू आहे हं. मी बघितलं."

"मॅडम, बाहेर पडू नका म्हणतायत सगळीकडे."

"अगं, पण आम्हा दोघांच्याही मीटिंगा आहेत. ह्यूगोला कोण बघणार? तू तर घरचीच आहेस."

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "घरची म्हणे! घरच्या माणसाला असं मरायला बोलावतात?"

आयोनी हसली नाही. मॅडम तिच्या ग्रीन कार्डचे कागद भरणार होत्या. ते झाले की गावी ठेवलेल्या, नऊ वर्षं न भेटलेल्या लेकीला तिला इकडे आणता येणार होतं. तिने बूट चढवले.

स्टेशनपासून ती तासभर चालली. मॅडमच्या दारातल्या पायऱ्यांवरचा बर्फ कुणी काढला नव्हता, कारण तोही आयोनीच काढायची. ती तिथेच आपटली. मनगट मोडलं. मॅडमनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "अगं, हळू! ह्यूगो झोपलाय."

पाचपर्यंत तिने एका हाताने ते पोर सांभाळलं.

प्लॅस्टर घालून आली तरी तिचा एकच धोशा. "व्हर्ना, उद्या तू जा. एजन्सीची बाई घुसली तर मेलेच मी."

मी गेले. सहा आठवडे गेले. शेवटच्या शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, "व्हर्ना, तूच राहा ना. आयोनीचा हात आता कितपत चालेल कोण जाणे. कागद तुझ्या नावाने करू."

मी हो म्हणाले. लाज वाटली, पण हो म्हणायला क्षणही लागला नाही.

घरी आयोनी प्लॅस्टर काढून आली होती. बारीक झालेलं मनगट फिरवत माझ्यासाठी कोको ढवळत होती.

"सोमवारपासून मी जाते," ती म्हणाली. "तुझे उपकार कसे फेडू गं?"

मी कप हातात घेतला, कोकोचा घोट घेतला आणि म्हणाले, "आधी मॅडमना विचार."